सव्वा इंच कमी

शारजा, शुक्रवार, ६ फेब्रुवारी २००९

प्रिय आत्ये,

साष्टांग नमस्कार. सुट्टीचा दिवस आहे, किसन डाळ शिजवतोय, आणि मी वरच्या खाटेवर उताणा पडून हे लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू विचारलंस, पेपरात येतं ते खरं का? खरं आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये टॉवरांच्या कपाटांची आणि किचनची कामं होती. टॉवर अर्ध्यावर थांबले, तशी कपाटंही थांबली. सुतारकामाला आम्ही बत्तीसजण होतो, आता चौदा उरलो. आमचे मॅनेजर सतीश साहेब, पुण्याचे, कुटुंबाला घेऊन अल कुसैसला राहतात. ते म्हणतात, मेअखेर नवं काम आलं नाही तर खलास, सगळ्यांना तिकीट.

पण एक काम दारात आलंय. खलफान म्हणून इथले एक अरबी गृहस्थ आहेत. त्यांना शेतावरच्या बैठकीचं सगळं लाकूडकाम करायचंय. चौदाजणांना वर्षभर पुरेल एवढं. ते वर्कशॉप बघायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, माझी छऱ्याची बंदूक खांद्याला बसत नाही, क्लबात मातीच्या तबकड्या उडवतात त्यांच्यावर नेम धरतो तर सगळ्या सुटतात, मित्र हसतात. माझ्या तोंडून निघून गेलं, माझे बाबा बंदुकीचे खांद्याला टेकायचे लाकडी दस्ते करायचे. झालं! सतीश साहेबांचे डोळेच चमकले. खलफान गेल्यावर मला म्हणाले, "मिथुन, यल्ला, चल! आपण ती गन इथेच मागवू. शटर डाउन करून दोन दिवसांत मॉडिफाय करून टाक. क्लायंट हॅपी, काँट्रॅक्ट आपलं!"

तर आत्ये, बाबा माप कसं घ्यायचे ते तुला आठवतं का? बाबा जाऊन आठ वर्षं झाली, विचारायला दुसरं कोणी नाही. लवकर लिही.

तुझा
मिथुन

*

तळेवाडी, १९ फेब्रुवारी २००९

चि. मिथुन,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक. त्या बंदुकीला हात लावायचा नाही!

मी फोनही करू शकले असते. देवळामागच्या सड्यावर उभं राहिलं की रेंज येते. पण फोनवर माणूस पटकन खोटं बोलतो, पत्रात जरा हात अडखळतो. शिवाय पोस्ट सांभाळणाऱ्या बाईनेच पत्रं लिहिली नाहीत तर पोस्ट चालायचं कसं?

तुझ्या बापाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. शहाऐंशी साली विलासने तुझ्या काकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, बाराबोअरच्या बंदुकीला नवा शिसवी दस्ता केला. बंदूक काकांची, शेतीसंरक्षण परवाना काकांचा, सगळं कसं रीतसर. पण बंदुकीची दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो, हे ना विलासला ठाऊक, ना आम्हाला. कोणीतरी चुगली केली. माझा भाऊ एक रात्र कोठडीत बसला आणि मी ठाण्याच्या पायरीवर भाकरीचं फडकं घेऊन बसले. फौजदार भला होता, समज देऊन सोडला. पण विलास त्यानंतर महिनाभर कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. ते मला पुन्हा बघायचं नाही. तिकडे तर पायरीवर बसायला मीही नाही.

पुढे विलासने रीत बदलली. गिऱ्हाइकाला बंदूक घरी ठेवून यायला सांगायचा. माणसाचं माप घ्यायचा आणि पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा नुसता नमुना करून द्यायचा. तो नमुना घेऊन गिऱ्हाईक कोल्हापूरला परवानावाल्या दुकानात जाई, आणि तिथला कारागीर त्यावरून खरा दस्ता घडवी. तूही तेच कर. नमुना भरीव लाकडाचा कर, नळी-बिळी लावू नकोस, आणि भडक लाल रंगव. आंधळ्यालाही कळायला हवं की हे खेळणं आहे.

माप असं घ्यायचं: हात काटकोनात दुमडायचा, कोपराच्या खळगीपासून चाप ओढायच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. मग माणसाला डोळे मिटून काठी खांद्याला लावायला सांगायची आणि डोळे उघडायला लावायचे. काठी नजरेच्या रेषेत आली तर माप बरोबर.

एक सहज विचारते. दस्ता माणसाला लांब होत असेल तर नेमकं काय होतं रे?

तुझी
आशाआत्या

*

शारजा, ६ मार्च २००९

प्रिय आत्ये,

तुझं पत्र खिशात घेऊनच सतीश साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, बंदूक गेटच्या आत आली तर मी गेटच्या बाहेर. ते म्हणाले, "अरे, तुला सिच्युएशन कळतेय का? चौदा फॅमिलीज आहेत!" म्हटलं, साहेब, पंधरावी आमची आत्या आहे, तिचं काय करू?

तिसऱ्या दिवशी खलफान आले. मी धीर करून सरळ त्यांनाच सांगितलं. इथले जुने लोक हिंदी छान बोलतात. मला वाटलं, आता हा माणूस गाडी फिरवून निघून जाणार आणि चौदाजणांचे शाप मला लागणार. तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "तुमको किसने बोला मैं बंदूक इधर छोड़ेगा? बंदूक क्लब में ताले में है, चाबी मेरे पास. तुम्हारा वीज़ा बाद में जाएगा, मेरा लाइसेंस पहले जाएगा!"

म्हणजे बघ, शटर खाली करायची गोष्ट त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हती. आम्हीच आपले मनचे मांडे खात होतो. सतीश साहेब कान लाल करून कॅटलॉग चाळत बसले.

क्लबात जहूर म्हणून परवानावाला कारागीर आहे, पेशावरकडचा. नमुना मी करायचा, खऱ्या लाकडावर हत्यार त्याने चालवायचं, असं ठरलं. मग माप घेतलं. काठी हाताशी नव्हती म्हणून झाडू दिला. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला एवढा मोठा माणूस वर्कशॉपच्या मधोमध डोळे मिटून झाडू खांद्याला लावतोय आणि तेरा सुतार रंधे थांबवून बघताहेत! मान लांब आहे त्यांची. गाल टेकतो तिथे दस्ता खोल पडतो, म्हणून नजर खाली आणि नेमही खाली. गाल अर्धा इंच उचलावा लागेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर बसतो आणि बार उडाला की लाथ बसते. पण खलफानांना वेगळीच अडचण आहे, तू काळजी करू नकोस.

नमुना लाल रंगवीन. शप्पथ.

तुझा
मिथुन

*

तळेवाडी, २० मार्च २००९

चि. मिथुन,

शाब्बास. बापाचं नाव राखलंस. झाडूचा किस्सा मी पोस्टात चारजणांना सांगितला, तोवर तो बाजारात पोचला, आणि संध्याकाळी मला परत ऐकायला मिळाला तेव्हा त्यात खलफानांच्या जागी दुबईचा कोणी राजा होता.

इकडे निवडणुकीची आचारसंहिता लागली. काकांची बंदूक गेल्या आठवड्यात ठाण्यात जमा करून आले. काका गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला, हे तुला कळवलं होतं. डुकरांनी भुईमूग उकरायचं काही थांबवलेलं नाही. त्यांना आचारसंहिता लागू नाही. आणि बंदूक असली तरी मी हवेत बार काढण्यापलीकडे काय करणार? डुकराला मारायचं तर वनखात्याचा वेगळा कागद लागतो.

बरं, माणूस बुटका असेल तर दस्ता किती कापावा लागतो? सामान्य ज्ञान म्हणून विचारते. पोस्टात बसून माणसाचं ज्ञान गंजतं.

आत्या

*

शारजा, लेबर कॅम्प, बुधवार, ८ एप्रिल २००९

आत्याबाईंना किसनचा रामराम.

मी मिथुनच्या खोलीतला किसन, गाव सिन्नरच्या अलीकडे, काम इमारतींना परांच्या आणि शिड्या बांधायचं. तुमचा फोन लागत नाही. पत्ता मिथुनच्या पेटीत सापडला. वाईट वाटून घेऊ नका पण मिथुनला पोलीस घेऊन गेले.

झालं असं की तो संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला तेव्हा काखेत चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी होतं. गेटवरच्या वॉचमनने हात लावून बघितलं. चादर सुटली. आत बंदूक! काळी नळी, चाप, सगळं. वॉचमन खाली बसला. कोणीतरी ओरडलं, आणि मग अख्खा कॅम्प एका दिशेला पळाला. मी पण पळालो, खोटं कशाला सांगू. मिथुन एकटाच उभा राहून ओरडत होता, "लकड़ी है, लकड़ी है." कोण ऐकतंय! गाडी आली आणि त्याला आणि बंदुकीला घेऊन गेली.

तुम्ही घाबरू नका. घाबरायला इथे आम्ही आहोत.

किसन

*

शारजा, शुक्रवार, १० एप्रिल २००९

प्रिय आत्ये,

सगळं मजेत. ऊन वाढलंय. जेवणखाण नीट चालू आहे. नमुना चांगला झाला, फक्त ठरवला होता त्यापेक्षा थोडा आखूड झाला. काम वेळेत होईल, इन्शाल्ला.

इथले पोलीस फार सभ्य असतात. चहात साखर विचारून घालतात, असं ऐकतो.

बाकी विशेष काही नाही.

मिथुन

*

तळेवाडी, २४ एप्रिल २००९

मिथुन,

किसनचं पाकीट आणि तुझं पाकीट एकाच थैलीतून आली. पोस्ट माझं, शिक्का मी मारते, आणि तारखा मला वाचता येतात. आधी किसनचं उघडलं. स्टुलावर बसले ती उठवेना. मग तुझं उघडलं. "पोलीस चहात साखर विचारून घालतात!" हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. पोस्टात पेन्शन घ्यायला आलेली माणसं पेन्शन न घेता परत गेली.

मी म्हटलं होतं ना, पत्रात हात अडखळतो? तुझा तर लोळलाय.

काय झालं ते सगळं लिही. काहीही गाळू नकोस. आणि लाल रंगाचं काय झालं?

आत्या

*

शारजा, ८ मे २००९

प्रिय आत्ये,

कान धरले. आता सगळं खरं.

नमुना झाला, पण तो खांद्याला लावला की पुढून हलका वाटे. खऱ्या बंदुकीचं वजन नळीत असतं. वजन नसेल तर माणूस वेगळ्या तऱ्हेने उचलतो आणि माप चुकतं. म्हणून पाण्याच्या लोखंडी पाइपचा तुकडा लावला. पाइप गंजका होता म्हणून काळा रंग दिला. मग वाटलं, चाप हवा, बोट कुठे ठेवणार? लाल रंग आणला होता, पण ओला रंग खलफानांच्या गालाला आणि कंदुऱ्याला लागला असता, म्हटलं शेवटी देऊ. असं करत करत, कायद्याच्या भीतीने खरी बंदूक टाळणाऱ्या तुझ्या भाच्याने हुबेहूब दुसरी तयार केली! आणि वर घासकाम घरी करू म्हणून ती चादरीत गुंडाळून बसमध्ये घेऊन बसला.

ठाण्यात मला बाबांचीच आठवण येत होती. म्हटलं, बापलेकाच्या नशिबात हीच पायरी. अधिकारी तरुण होता. त्याने पाइपमध्ये डोळा लावून बघितलं, पलीकडे माझा चेहरा दिसला. विचारलं, किसका है? मी खलफानांचा नंबर दिला. तासाभरात ते आले, स्वतःचं लायसन्स घेऊन. सोबत जहूर क्लबचा कागद घेऊन, आणि मागोमाग आमचे सतीश साहेब टॅक्सी करून. साठ दिरहॅम, म्हणजे आपले आठशे, असं मला तीनदा ऐकवलं, पण आले. कुसैसहून मुलाचा वाढदिवस सोडून आले.

अधिकारी म्हणाला, "लकड़ी रखना जुर्म नहीं. लेकिन तुमने पाँच सौ आदमी को डराया. ये यहाँ से बंदूक बनके बाहर नहीं जाएगी." मी म्हटलं, साहेब, करवत मिळेल का? हसला. कुठूनतरी करवत आणवली. ठाण्याच्या अंगणात बसून मी माझ्या हाताने पाइप आणि पुढचं लाकूड कापून टाकलं, आणि पुन्हा असं करणार नाही असा कागद सही करून दिला. चहा तिथेच मिळाला. साखर खरंच विचारली गं!

आणि गंमत म्हणजे जहूरला पुढचा भाग नकोच होता. त्याला हवा होता मागचा, गालाचा आणि खांद्याचा, तो शाबूत होता. परवा क्लबात खलफानांनी पंचवीसपैकी एकोणीस तबकड्या फोडल्या. त्याच दिवशी बैठकीच्या कामावर सही झाली. आम्ही चौदाच्या चौदाजण राहिलो, आत्ये! किसनने खोलीत शिरा केला. उरलेला नमुना लाल रंगवून वर्कशॉपच्या भिंतीला टांगलाय. वॉचमन अजून मला लांबूनच सलाम करतो.

आता तुझी पाळी. कॅम्पात झोप येईना म्हणून तुझी पत्रं शेजारी शेजारी लावून वाचली. फेब्रुवारीचं पत्र डावीकडे कललेलं. मार्चचं जरा कमी. एप्रिलचं अगदी सरळ, तुझं नेहमीचं मोत्यासारखं. मधे काय झालं? बंदूक ठाण्यात जमा झाली. बंदूक गेली आणि अक्षर सुधारलं! आणि लांब दस्त्याचं, बुटक्या माणसाचं ते सामान्य ज्ञान. मी येडा, मला वाटत राहिलं तुला खलफानांची काळजी. आत्ये, तू बार काढलास ना? उजव्या खांद्याला लागलं ना?

मिथुन

*

तळेवाडी, २२ मे २००९

चि. मिथुन,

हो.

जानेवारीअखेर काढला. काका करायचे तसा, बांधावर उभं राहून हवेत. खांदा जांभळासारखा झाला आणि मी भुईमुगात बसले. शेजारची पार्वती अजून सांगत फिरते, "डुकर पळालो तो बारान न्हय, मास्तरीणबायच्या बोंबेन पळालो." तुला कशाला सांगू? म्हणशील, म्हातारीला हा उपद्व्याप कोणी सांगितला, देऊन टाक बंदूक सरकारला. पण ती काकांची आहे रे, आणि दस्ता माझ्या भावाच्या हातचा आहे. ती हातातून जाऊ द्यायला माझा जीव होत नाही.

निकाल लागले, बंदूक काल घरी आली. तू विचारणार म्हणून मोजून ठेवलं. माझं कोपर ते पेर: तेरा इंच. चापापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत दस्ता: सव्वाचौदा.

आत्या

*

शारजा, १२ जून २००९

प्रिय आत्ये,

सोबत खाकी कागद आहे. नुसता कागद, यात वॉचमन घाबरण्यासारखं काही नाही. दस्त्याच्या मागच्या टोकाचा आकार खऱ्या मापाने काढलाय. तिरकी रेघ आहे तिथे कापायचं. सव्वा इंच कमी. रेघ तिरकी का, तर तुझा खांदा उतरता आहे, हे मला लहानपणी तुझ्या खांद्यावर बसून जत्रा बघितल्यामुळे माहीत आहे. कापल्यावर लोखंडी पट्टीऐवजी रबराची बसवायला सांग.

कापायचं मात्र कोल्हापूरच्या परवानावाल्यानेच. गावातल्या कोणाला सांगितलंस तर मी किसनला पत्र लिहायला लावीन.

मिथुन

*

तळेवाडी, ३ डिसेंबर २००९

चि. मिथुनास,

उशीर झाला खरा. पावसात घाट उतरायचा-चढायचा धीर झाला नाही. मग विधानसभेची आचारसंहिता. आपली बंदूक या वर्षी दोनदा ठाण्यात राहून आली. पहिलटकरीणसुद्धा इतकी माहेरी जात नाही. शेवटी गेल्या आठवड्यात ठाण्यातून लेखी परवानगी घेतली, परवाना पिशवीत, पिशवी छातीशी, आणि एसटीने कोल्हापूर गाठलं.

दुकानातल्या कारागिराने तुझा कागद उलटसुलट बघितला. विचारलं, कोणी काढला? म्हटलं, भाच्याने, दुबईकडे असतो. म्हणाला, हात चांगला आहे. मग त्याने मागची लोखंडी पट्टी काढायला स्क्रू सोडवले. पट्टी तेवीस वर्षांत कोणी काढली नव्हती. ती निघाली आणि तो थांबला. म्हणाला, "बाई, इथे काहीतरी लिहिलंय."

पट्टीखालच्या लाकडावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं. ऊन नाही, पाणी नाही, त्यामुळे काल लिहिल्यासारखं. विलासचं अक्षर, ते त्याचं उलट्या काठीचं र. मी जसंच्या तसं उतरवते:

"हे माप भावोजींचं. ताईवर उचलायची वेळ आली तर सव्वा इंच कमी."

मिथुन, मी त्या दुकानात ओक्साबोक्शी रडले. कोठडीतून सुटल्यावर महिनाभर जो माझ्याशी नीट बोलला नाही, त्याने त्याआधीच माझं माप घेऊन ठेवलं होतं. न मोजता, नुसतं बघून. आणि तू समुद्रापलीकडे बसून तोच आकडा पाठवलास. कारागिराने मला पाणी दिलं आणि म्हणाला, आता कापू का? म्हटलं, कापा, पण तो तुकडा माझा.

परवा संध्याकाळी डुकरं आली. बांधावर उभी राहिले, डोळे मिटले, बंदूक खांद्याला लावली, डोळे उघडले. नळी बरोबर नजरेच्या रेषेत. हवेत एक बार काढला. डुकरं गेली, खांदा जागच्या जागी आणि मी माझ्या पायांवर उभी. पार्वतीला बोलायला काही उरलं नाही, म्हणून ती माझ्यावर रागावली आहे. माझं अक्षर तपासून बघ.

बैठकीचं काम संपल्यावर खलफान त्यांच्या भावाचंही काम देणार, असं तू फोनवर म्हणालास. पेपरात मात्र तिकडच्या पुन्हा वाईट बातम्या येतात. जे होईल ते होईल. तुझ्या हाताला काम आहे तोवर मी पेपर वाचणार नाही.

विलासचा तुकडा तीन दिवस पोस्टाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. आता तुझ्याकडे असू दे. किसनच्या गावचा माणूस सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्याबरोबर पाठवते. चादरीत गुंडाळलेला नाही. वाटेत कोणी अडवलं तर दाखवायला सोबत दाखला जोडला आहे.

तुझी
आशाआत्या

दाखला

दाखला देण्यात येतो की, सोबतचा शिसवी तुकडा, जाडी सव्वा इंच, ही बंदूक नव्हे व बंदुकीचा भागही आता नव्हे. हे माझ्या भावाने १९८६ साली लिहिलेलं पत्र असून ते तेवीस वर्षांनी पोहोचलेलं आहे. कोणीही अडवू नये.

सही व शिक्का,
आशा, पोस्टमास्तर, तळेवाडी